लोण्याचे संग्रहालय

संग्रहालय म्हटले की तलवारी, नाणी, मूर्ती डोळ्यांसमोर येतात. म्हणून आयर्लंडमधील कॉर्क शहरात चक्क लोण्याचे संग्रहालय आहे असे वाचले, तेव्हा मला हसू आले. रवीने ताक घुसळणारी माझी आजी हे ऐकून काय म्हणेल! कॉर्क मी पाहिलेले नाही; हा सारा प्रवास ग्रंथालयात बसून केलेला. पण त्या लोण्याच्या मागे लागले आणि शहर उलगडत गेले.

कॉर्कचा जुना भाग ली नदीच्या दोन प्रवाहांमधील बेटावर आहे. उत्तरेला शँडनची टेकडी. तेथील सेंट ॲन चर्च १७२२ सालचे. त्याच्या मनोऱ्यावरील चार घड्याळे एकसारखी वेळ दाखवत नाहीत, म्हणून लोक त्याला ‘चार तोंडांचा लबाड’ म्हणतात. वर जाऊन दोर ओढून घंटा वाजवायची मुभा पाहुण्यांनाही आहे.

शेजारीच लोण्याची पेठ होती. १७७० साली सुरू झालेल्या या पेठेत खेड्यापाड्यांतून लोण्याची पिंपे येत. पारखी लोणी तपासून त्याची प्रत ठरवीत, आणि खारवलेले लोणी जहाजाने थेट वेस्ट इंडीजपर्यंत जाई. १९२४ साली पेठ बंद पडली. आता संग्रहालयात दलदलीत पुरून ठेवलेले हजार वर्षांपूर्वीचे लोणीही पाहायला मिळते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली. त्याही काळात बंदरातून लोणी बाहेर जातच होते! कारण शेतकरी लोणी विकून जमिनीचा खंड भरी आणि स्वतः बटाट्यावर जगे. सगळे दूध डेअरीला घालून घरी कोरा चहा पिणारी घरे मला ठाऊक आहेत. त्यामुळे हे कोडे मला फार वेळ पडले नाही.

भुकेपायी चोरी करणारे शहराच्या तुरुंगात जात. १८२४ सालचा हा तुरुंग बाहेरून किल्ल्यासारखा दिसतो. तो १९२३ साली बंद झाला आणि १९२७ साली तिथे चक्क रेडिओ केंद्र आले. आज कोठड्यांत कैद्यांचे पुतळे आहेत.

जवळच्या ब्लार्नी किल्ल्यातील दगडाचे चुंबन घेतल्यास वक्तृत्व लाभते म्हणे. आमच्या वादविवाद मंडळाने नोंद घ्यावी!

मला मात्र जावेसे वाटते ते कोव्ह बंदरावर. ११ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ने शेवटचा थांबा घेतला तो इथेच. १८४८ ते १९५० या काळात सुमारे पंचवीस लाख माणसांनी इथून देश सोडला. तिथल्या जुन्या रेल्वे स्थानकात आता त्यांचे संग्रहालय आहे. बाहेर ॲनी मूर या मुलीचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस बेट स्थलांतरितांसाठी उघडले, तेव्हा पहिली नोंद तिची झाली. कोव्हच्या पुतळ्यात तिच्याबरोबर दोन धाकटे भाऊ आहेत. एलिस बेटावरही तिचा पुतळा आहे. तिथे ती एकटी आहे.