शरीरसंपत्तीचा रोजमेळ

निरोगी व बळकट शरीरास ‘शरीरसंपत्ति’ म्हणण्याची चाल आपल्या भाषेंत फार जुनी आहे. शब्द उत्तम आहे. परंतु त्यामुळें एक गैरसमज होण्याचा संभव असतो. द्रव्य एकदां मिळविलें म्हणजे तें पेटींत कुलूप लावून ठेवितां येतें. वीस वर्षांनीं पेटी उघडली तरी तें तेथेंच सांपडतें. शरीराचें बळ असें ठेवितां येत नाहीं. तें दररोज थोडें मिळवावें लागतें, आणि न मिळविल्यास दररोज थोडें खर्च होतें. दुकानदाराच्या रोजमेळाप्रमाणें त्याचा जमाखर्च रोजच्या रोज मांडला जातो. तो कसा चालतो, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें सांगावें, एवढाच आमच्या या लेखाचा हेतु आहे.

या बाबतींत अमेरिकेंतील डॅलस शहरीं झालेला एक प्रयोग फार बोधप्रद आहे. १९६६ सालीं तेथील डॉक्टरांनीं २० वर्षें वयाच्या ५ निरोगी तरुणांस ३ आठवडे केवळ अंथरुणावर पडून राहावयास लाविलें. त्यांस रोग नव्हता, ताप नव्हता. फक्त हालचाल बंद होती. मुदत संपल्यावर पाहतात तों, जोराचे श्रम करितांना प्राणवायूचा उपयोग करून घेण्याची त्यांची शक्ति एक चतुर्थांशाहून अधिक घटलेली! पुढें ८ आठवडे व्यायाम दिल्यावर ती भरून आली. ३० वर्षांनीं, म्हणजे १९९६ सालीं, त्याच पांच जणांस पुन्हां बोलावून तपासण्यांत आलें. आतां ते पन्नाशीला आले होते. तेव्हां असें आढळलें कीं, ३० वर्षांच्या वयोमानानें त्यांची जितकी शक्ति गेली होती, तिच्याहून अधिक शक्ति तरुणपणीं त्या ३ आठवड्यांच्या निजण्यानें गेली होती. आनंदाची गोष्ट ही कीं, चालणें, धांवणें, सायकल चालविणें असा क्रमाक्रमानें वाढविलेला व्यायाम ६ महिने केल्यावर त्यांची ही शक्ति पुन्हां विसाव्या वर्षीं होती तितकी झाली.

असें कां व्हावें? आपलें शरीर हा मोठा काटकसरी गृहस्थ आहे. ज्या चाकरास काम नाहीं, त्यास तो फार दिवस पोशीत नाहीं. स्नायूंस काम मिळालें नाहीं कीं ते बारीक होऊं लागतात. हाडांवर भार पडला नाहीं कीं तीं ठिसूळ होऊं लागतात. हृदयास जोरानें रक्त ढकलण्याचा प्रसंग आला नाहीं, तर प्रत्येक ठोक्यास तें पूर्वीपेक्षां कमी रक्त पुढें पाठवितें. उलट, काम नियमानें मिळालें व हळूहळू वाढविलें, तर हींच इंद्रियें त्या कामास पुरीं पडतील इतकीं बळकट होतात.

वार्षिक खेळांच्या सामन्यांपूर्वीं महिनाभर पहांटे उठून धांवणारे, आणि बक्षीस-समारंभ होतांच बूट माळ्यावर टाकणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतात. पालकांचीहि यांत थोडी चूक आहे. दहावीचें वर्ष लागलें कीं, “आतां खेळ पुरे, परीक्षा झाल्यावर पाहूं,” असें घरोघर ऐकूं येतें. परंतु परीक्षेमागून कॉलेज येतें, कॉलेजामागून नोकरी व संसार येतो, आणि खेळावयाचा तो दिवस कधींच उगवत नाहीं. मुलांस व्यायाम करावयास सांगणाऱ्या वडिलांनीं स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाण्यासहि मोटारसायकल काढली, तर मुलें काय शिकतील?

व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें सांगितलें आहे कीं, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनीं दररोज सरासरीनें ६० मिनिटें अंगास घाम येईल अशी हालचाल करावी, व प्रौढांनीं आठवड्यांतून निदान १५० मिनिटें झपाट्यानें चालण्यासारखा व्यायाम करावा. यास आखाडा किंवा महागडीं यंत्रें लागतात असें नाहीं. खोखो, हुतुतू, दोरीवरच्या उड्या, शाळेपर्यंत पायीं जाणें, हें सर्व जमेस धरावें. सूर्यनमस्कारांस तर सतरंजीएवढी जागा पुरते. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांचा प्रसार करण्यासाठीं आयुष्यभर झटून खटपट केली. नित्याचें कामहि व्यायामच होय. लंडन शहराच्या दुमजली बसगाड्यांत ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं सारखा जिना चढे-उतरे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनीं १९५३ सालीं असें दाखविलें कीं, ड्रायव्हरांपेक्षां कंडक्टरांत हृदयविकाराचें प्रमाण बरेंच कमी होतें.

तथापि केवळ व्यायामानें रोजमेळ जुळत नाहीं. डॅलसच्या त्या पांच जणांचें वजन ३० वर्षांत सरासरीनें सुमारें एक चतुर्थांशानें वाढलें होतें, आणि ६ महिन्यांच्या व्यायामानें त्यांतील थोडेंच उतरलें. हृदयाची शक्ति परत आली. परंतु पोटावर चढलेली चरबी मुख्यतः ताटांतून आलेली असते, व तिचा बंदोबस्तहि ताटांतच करावा लागतो. यासाठीं परदेशी खुराक नको. भाकरीबरोबर उसळ किंवा वरण घ्यावें. कारण धान्याच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो, व डाळींतील उणीव धान्य भरून काढतें. पालेभाजीवर लिंबू पिळावें किंवा जेवणांत आवळा, पेरू असावा, म्हणजे अन्नांतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास तेंच लोह कमी लागतें. भाज्या व फळें मिळून रोज ४०० ग्रॅम असावींत, त्यांत बटाटा धरूं नये. मीठ दिवसाकांठीं ५ ग्रॅमच्या आंत, म्हणजे लहान चमचाभराहून कमी असावें. लोणचें, पापड व पुड्यांतील खारे पदार्थ यांतील मीठहि त्यांतच मोजावें. शाळेच्या वाटेवर घेतलेलें बाटलींतील गोड पेय तहान भागवीत नाहीं, फक्त साखर वाढवितें. पाणी किंवा ताक त्याहून शतपट बरें.

करिंथ नगराजवळ प्राचीन काळीं मोठे क्रीडासामने भरत. तेथील मंडळीस पत्र लिहितांना संत पौलानें धांवणाऱ्यांचा व मुष्टियोद्ध्यांचा दृष्टांत घेतला, तो उगीच नव्हे. सामन्याचा दिवस एक असे. पण त्यासाठीं खाण्यापिण्यांत व सर्व वागणुकींत संयम रोजचा लागे, हें त्याच्या वाचकांस ठाऊक होतें. आम्हांस विद्यार्थ्यांकडून मोठ्या प्रतिज्ञा नकोत. आज अर्धा तास खेळा, उद्यांहि खेळा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, रात्रीचें जेवण झाल्यावर मुलांस बरोबर घेऊन थोडें चालून यावें. त्या दिवसाच्या जमेच्या बाजूस तेवढी एक रक्कम निश्चित पडेल, आणि ती दोघांच्याहि खात्यांत पडेल.