महालांच्या दगडकामाची पुनर्बांधणी आणि डिजिटल स्कॅनिंग : फराहबागच्या संदर्भात

प्रास्ताविक :
राहुरीहून नगर-मनमाड मार्गाने दक्षिणेस सुमारे ३५ कि.मी. अंतरावर निजामशाहीची राजधानी असलेले अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे शहर आहे. शहराबाहेर भिंगारच्या बाजूस फराहबाग हा अष्टकोनी, दुमजली महाल उभा आहे. मुर्तजा निजामशहा पहिला याच्या कारकिर्दीत १५८३ मध्ये सलाबतखानाने तो पूर्ण करविला. एके काळी हा महाल तलावाच्या मध्यभागी होता. आज त्याचा गिलावा ठिकठिकाणी गळून आतील दगड-चुन्याचे बांधकाम उघडे पडलेले दिसते. अशा वास्तूचे ढासळलेले दगडकाम पुन्हा उभारण्यास डिजिटल स्कॅनिंग कितपत उपयोगी पडते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राचे स्वरूप :
लेसर स्कॅनर भिंतीवर प्रकाशाचा स्पंद सोडतो व तो परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर ठरवितो. १ मिलिमीटरचा फरक टिपावयाचा तर सेकंदाच्या सुमारे १५० अब्जाव्या भागाइतका काळ मोजावा लागतो. अशा कोट्यवधी मापांतून वास्तूचा त्रिमितीय ‘बिंदुमेघ’ तयार होतो. एका जागेवरून कमानीची मागील बाजू दिसत नाही. म्हणून यंत्र अनेक ठिकाणी मांडून त्या नोंदी एकमेकींशी जुळवाव्या लागतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची एक अडचण येथे नमूद करणे आवश्यक आहे. हा दगड प्रकाश बराच शोषून घेतो, त्यामुळे परत येणारा संकेत क्षीण होतो. पावसात भिजलेल्या भिंतीवर तर मापे अधिकच बिघडतात. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

फराहबागसारख्या सममित वास्तूत एक सोय असते. एका बाजूची कमान पडली असेल, तर दुसऱ्या बाजूच्या शाबूत कमानीचे स्कॅन संगणकावर फिरवून तिचा आकार मिळविता येतो. त्यावरून फर्मा कापून पाथरवटाच्या हाती देता येतो. परंतु हाताने बांधलेल्या दोन कमानी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. संगणक हा फरक चूक समजून पुसून टाकतो आणि मूळ गवंड्याच्या हाताची खूण नाहीशी होते. शिवाय स्कॅनरला केवळ पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या पोटातील भराव, चुन्याचे मिश्रण, दगडाची जात यांविषयी तो काहीच सांगत नाही.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १८२८ च्या आगीत वाड्याच्या इमारती जळाल्या. तटबंदी, दरवाजे व जोती तेवढी उरली. त्या जोत्यांचे कितीही सूक्ष्म स्कॅन केले तरी वरचे मजले त्यातून उभे राहत नाहीत. याउलट पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे छप्पर व तक्तपोशीचा काही भाग १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत कोसळला, त्यापूर्वी सुमारे दशकभर आधीच कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी त्या वास्तूचे स्कॅन केले होते. ५० हून अधिक ठिकाणांहून घेतलेल्या त्या नोंदीत एक अब्जाहून अधिक बिंदू होते. पुनर्बांधणी करणाऱ्यांना तिचा आधार मिळाला व डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा खुले झाले. टॅलन मात्र २०१८ मध्येच निवर्तले होते.

पुनर्बांधणीची मर्यादा :
जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, असे १९६४ ची व्हेनिस सनद सांगते. पडलेले मूळ दगड पुन्हा जागेवर बसविण्यास तिची हरकत नाही. म्हणून महालाच्या पायथ्याशी पडलेला प्रत्येक घडीव दगड हा पुरावाच ठरतो. त्याला क्रमांक देऊन, तो सापडलेली जागा नोंदवून, मगच त्याचे स्वतंत्र स्कॅन घेणे इष्ट होय. जागेची नोंद नसलेला दगड संगणकात कोठेही बसविता येतो, हाच खरा धोका आहे.

यंत्र महाग असल्याने महाविद्यालयांना फोटोग्रामेट्रीचा मार्ग अधिक सुलभ आहे. एकमेकांवर ६० ते ८० टक्के येणारी छायाचित्रे घेतल्यास साध्या कॅमेऱ्यानेही त्रिमितीय प्रतिकृती बनते. तिला खरे माप मिळावे म्हणून भिंतीवरील काही अंतरे टेपने वा टोटल स्टेशनने मोजावी लागतात. संरक्षित स्मारकासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, हे ओघाने आलेच. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या, तर मधल्या काळात गिलावा कोठे सुटला, कोणती कमान किती झुकली, हे कळते. मात्र त्यासाठी दोन्ही वेळचे नियंत्रणबिंदू तेच असावे लागतात.