काळ्या मडक्यांचा नवा जन्म

जुनी कला पुन्हा जिवंत झाली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा जुन्या नमुन्याची हुबेहूब नक्कल मनात असते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या सान इल्देफोन्सो या प्वेब्लो आदिवासींच्या गावाचा अनुभव ही समजूत खोडून काढतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे कारखान्यातली भांडी घरोघर पोचली होती आणि मडकी घडवण्याचे काम मागे पडत होते. १९०७ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्यूएट यांनी जवळच्या पठारावर उत्खनन सुरू केले. त्यात सापडलेल्या प्राचीन खापरांसारखी भांडी घडवून पाहा, असे त्यांनी गावातल्या मारिया मार्टिनेझ यांना सुचवले. घरातल्या थोरल्या बायकांचे पाहून मारिया हे काम आधीच शिकल्या होत्या.

या कामात चाक नाही. मातीत ज्वालामुखीची राख मिसळून मळायची, वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे, वाळल्यावर खरवडायचे, मग लाल मातीचा पातळ लेप देऊन तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायचा. भाजणी उघड्यावर, गोवऱ्यांच्या जाळात. धग टिपेला पोचली की वरून घोड्याच्या लिदेचा भुगा टाकून जाळ कोंडतात; हवा तुटते, धुरातला कार्बन मातीत शिरतो आणि लाल भांडे काळे होते. १९१९ च्या सुमारास मारियांचे पती ज्युलियन घोटलेल्या भांड्यावर पुन्हा लेपाने नक्षी काढू लागले. ही नक्षी घोटलेली नसल्याने भाजल्यावर मंद राहते, बाकीचे भांडे चकाकते.

ही काळ्यावरची काळी नक्षी प्राचीन नव्हतीच, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण वळ्या, घोटणी आणि उघडी भाजणी जुनीच होती, आणि ती अंगवळणी असल्यानेच नवे सुचले. दुसरा आक्षेप असा की भांडी पाण्यासाठी राहिली नाहीत, संग्राहकांसाठी झाली. तेही खरे. मात्र मारियांनी आपली रीत लपवली नाही, गावातल्या इतर बायकांना शिकवली. म्हणून कमाई एका घरात अडकली नाही. सुरुवात बाहेरच्या विद्वानाने सुचवली हे नाकारता येत नाही, पण पुढचे निर्णय गावाने घेतले. १९४३ मध्ये ज्युलियन गेल्यावर सून सांताना आणि पुढे मुलगा पोपोवी दा यांनी नक्षीकाम सांभाळले.

म्हणून एखाद्या कलेच्या पुनरुज्जीवनाची बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा: ती करायची कशी हे कोण ठरवते, पुढच्यांना कोण शिकवते आणि पैसा कोणाच्या घरी जातो?