आंकड्यांचें मूळ आणि त्यांची फेरफार-नोंद

सात-बाऱ्याचा उतारा हातीं आला म्हणजे आपण प्रथम नांव पाहतों व मग क्षेत्र पाहतों. परंतु जाणता खातेदार नांवाजवळचा फेरफाराचा क्रमांकही पाहतो. नांव तेथें वारसानें आलें, खरेदीनें आलें कीं वांटणीनें आलें, याचा माग त्या क्रमांकावरून लागतो. गांव नमुना ६ उघडला कीं वर्दी कोणी दिली, कोणत्या कागदावरून दिली व नोंद कोणीं प्रमाणित केली, हा सर्व इतिहास समोर येतो. प्रस्तुत लेखकाची नोकरी याच कागदांत गेली. हल्लीं संगणकावर चालणाऱ्या शास्त्रीय संशोधनांतही हाच प्रश्न उभा राहिला आहे. आंकडा समोर आहे. पण तो आला कोठून?

एक अनुभव सांगतों. हस्तलिखित उतारे संगणकावर चढविण्याचें काम एका कचेरींत चालू असतां एका खातेदाराचें क्षेत्र ० हेक्टर ४० आर याऐवजीं ४ हेक्टर ० आर असें चढलें. चूक करणारा कारकून मीच. छापील उतारा इतका स्वच्छ निघाला कीं कोणासही शंका आली नाहीं. पुढें दोघां भावांच्या वांटणींत गटाची बेरीज जुळेना, तेव्हां मूळ फेरफार काढला व चूक उघडी पडली. तो क्रमांक नसता तर सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढले असते. स्वच्छ अक्षर म्हणजे खरा आंकडा नव्हे, हा धडा मला तेव्हां मिळाला.

आतां शेतीच्या संशोधनाकडे वळूं. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं ब्रॉडबाल्क नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो अद्याप चालू आहे. कोणत्या तुकड्यास शेणखत, कोणत्यास रासायनिक खत आणि कोणत्यास कांहींच नाहीं, हें तेथें ठरलेलें असतें. १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे गणिती तेथें आले व त्यांनीं या जुन्या उत्पन्नाच्या आंकड्यांचा अभ्यास करून १९२१ सालीं निबंध प्रसिद्ध केला. आजही जगांतील अभ्यासक ते आंकडे संगणकावर मागवितात.

पण केवळ आंकड्यांची ओळ पाहणारा येथें हमखास फसेल. तण मारण्यासाठीं १९२० नंतरच्या दशकांत शेताचे पांच भाग करून ते पाळीपाळीनें पडीक ठेवूं लागले. १९६८ सालीं उंच काडाचा वाण सोडून आंखूड काडाचा वाण घेतला. हें ज्यास ठाऊक नाहीं, तो वाढलेल्या उत्पन्नाचें श्रेय खतास किंवा पावसास देऊन मोकळा होईल. म्हणूनच तेथें आंकड्यांबरोबर वाण, पेरणी, खत व बदल यांचा वृत्तांत जपला आहे. धान्य, काड व माती यांचे जुने नमुनेही राखून ठेवले आहेत. आंकड्याविषयीं शंका आली तर नमुन्याकडे परत जातां येतें.

संगणक स्वतःही मुकाट्यानें फेरफार करतो. जीवशास्त्रज्ञ जनुकांना आंखूड नांवें देतात. त्यांपैकीं ‘सेप्ट-२’ सारखें नांव एक्सेलच्या तक्त्यांत भरलें कीं तो त्याची दोन सप्टेंबर ही तारीख करून टाकी. २०१६ सालीं झालेल्या तपासणींत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकीं सुमारें एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटीं २०२० सालीं अशा जनुकांचीं नांवेंच बदलण्यांत आलीं. मूळ यादी जपलेली असेल तरच अशी चूक दुरुस्त होते.

यावर उपाय म्हणून २०१३ सालीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनें ‘प्रॉव्ह’ नांवाची नोंदपद्धति ठरविली. तिचीं अंगें तीन: वस्तु, क्रिया व कर्ता. कोणता आंकडा, कोणत्या क्रियेनें, कोणाच्या हातून झाला, हें त्यांत लिहावयाचें. पाहा, हा आपला फेरफारच नव्हे काय?

शेतकरी बंधूंनो, हा विषय केवळ विद्वानांचा नाहीं. २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद छायाचित्रासह करतो. म्हणजे आंकड्याचा पहिला कर्ता आपणच झालों. शेजाऱ्याच्या बांधावर उभें राहून घेतलेलें छायाचित्र किंवा अंदाजानें भरलेलें क्षेत्र पुढें कोणताही संगणक खरें करूं शकणार नाहीं; आणि नुकसानीच्या वेळीं तीच नोंद आपल्यावर उलटेल.

करितां घरीं एक वही ठेवावी. तींत गट क्रमांक, तारीख, वाण, बियाणें कोठून आणलें, माल ओला तोलला कीं वाळवून, माप कोणतें व तोलणारा कोण, हें त्याच दिवशीं लिहावें. चूक झाल्यास खोडरबर लावूं नये. जुना आंकडा वाचतां येईल अशी एकच रेघ मारावी, नवा आंकडा वर लिहावा व बाजूस कारण लिहून सही करावी. कचेरींत आम्हांस हेंच शिकविलें होतें. जमिनीचें मूळ आपण जपतों, तसेंच आंकड्याचेंही जपावें.