सातपुड्याच्या घाटात, मागच्या सीटवरून

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जाणार, हा प्रश्न स्टाफरूममध्ये आला की मी दरवर्षी एकच उत्तर देते: माहेरी. या वेळी "सातपुड्यात, मोटारसायकलवर" म्हटलं तर सगळ्या बायका हातातला चहा विसरल्या. एकीनं विचारलं, "या वयात? आणि मुलं?" मुलं नानीकडे राहणार होती. वयाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खरं तर हा बेत माझ्या धाकट्या भावाचा. त्याला लडाखला जायचं होतं. आमच्या पनवेलची निम्मी तरुण पोरं लडाखला जाऊन आली आहेत आणि उरलेली जायचं म्हणतात. पण तेवढे पैसे आणि तेवढी रजा कुणाकडेच नव्हती. मग गॅरेजवाले चाचा म्हणाले, "डोंगरच पाहायचाय ना? आपल्याच राज्यात असा डोंगर आहे, जिथं पनवेलचा माणूस फिरकत नाही." चाचा अठ्ठावन्न वर्षांचे. तरुणपणी ट्रकवर असताना त्यांनी खानदेशचा कोपरा न कोपरा पाहिला होता. तर तीन गाड्या आणि पाच माणसं: आमचे हे आणि मी, भाऊ आणि भावजय, आणि एकटे चाचा. त्यांच्या मागच्या सीटवर पाने, ट्यूब, साखळीची कडी आणि खजुराचा डबा.

पहिल्या दिवशी मुंब्रा बायपास, भिवंडी, कसारा घाट आणि नाशिक करत धुळ्यात मुक्काम केला. हमरस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गंमत झाली ती नमाजची. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. सफरमध्ये चार रकातींच्या दोन करतो आणि जोहर-असर, मगरिब-इशा एकत्रही पढतो. चाचा हनफी. कसर त्यांनाही आहे, पण दोन नमाजा एकत्र करायला ते तयार नाहीत. त्यामुळे आमचं असर उरकून निघावं, तर तासाभरात चाचांची गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला. भाऊ सुरुवातीला वैतागला. दुसऱ्या दिवसापासून मात्र चाचा थांबले की तोच आधी पाण्याची बाटली काढायचा. त्या थांब्यांमुळे आमच्या पाठी वाचल्या आणि निवांत पाहायलाही मिळालं.

धुळ्याहून दोंडाईचामार्गे शहादा. इथं टाक्या काठोकाठ भरून घ्या, पुढे पंपाचा भरवसा धरू नका. शहाद्याच्या केळी-पपईच्या बागा मागे पडल्या की समोर सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. सात पायरी घाट चढून आम्ही तोरणमाळला पोहोचलो. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास. पनवेलच्या दमट हवेतून आलेल्या माणसाला नोव्हेंबरातली तिथली पहाट हाडात शिरते. यशवंत तलाव शांत आहे, सीताखाईची दरी खोल आहे. महाबळेश्वरसारखी दुकानांची रांग नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

पण हा लेख तोरणमाळचा नाही. तोरणमाळहून खाली उतरून आम्ही म्हसावदमार्गे धडगावला गेलो. धडगाव हे अक्राणी तालुक्याचं ठिकाण. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्याच्या अगदी उत्तरेचा हा तालुका. पलीकडे नर्मदा, नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. वस्ती पावरा आणि भिल्लांची. घरं एकाला एक लागून नाहीत. एका टेकडीवर एक, दुसरीवर दुसरं, मधे शेत. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित झाली, ती याच अक्राणी आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यांतली. जवळच बिलगाव आहे. तिथल्या लोकांनी २००३ साली ओढ्याच्या पाण्यावर स्वतःची वीज तयार केली होती. तीन वर्षांनी ते छोटं वीजघर धरणाच्या फुगवट्यात गेलं. लहान गावाची वीज मोठ्या धरणाच्या पाण्यानं विझावी, यावर काय बोलायचं? आम्ही पाचही जण गप्प होतो.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला एक फायदा असतो. चालवणारा खड्डा पाहतो, मागचा माणूस पाहतो. मला धडगावच्या रस्त्यावर सकाळपासून एकच गोष्ट दिसत होती. आम्ही वर चढत होतो आणि समोरून खाली येणारी प्रत्येक पिकअप, प्रत्येक ट्रक माणसांनी भरलेला होता. माणसं, गोधड्या, हंडे, कोंबड्या, एखादी शेळी, आणि मुलं. दिवाळी झाली की सातपुड्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, पुष्कळ जण गुजरातेत. मुकादमानं पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची असते.

धडगाव सोडून मोलगीकडे निघालो आणि एका उतारावर, खडी पसरलेल्या वळणावर भावाची गाडी घसरली. वेग फार नव्हता, अल्लाहचा शुक्र. भावाचा कोपर सोलवटला, भावजयीचा घोटा मुरगळला आणि बघता बघता सुजला. मोबाइलला रेंज नाही. शेजारच्या टेकडीवरच्या घरातून एक बाई आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा धावत आले. बाई पावरीत बोलत होती, आम्हाला अक्षर कळेना. मुलगा तिचं मराठीत सांगत होता: "मॅडम, आई म्हणते घरी चला. उन्हात बसू नका."

घर कुडाचं, सारवलेलं, थंड. बाईनं हळद-मीठ गरम करून घोट्याला लावलं. ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ समोर ठेवली. कोंबडीसुद्धा कापायला निघाली होती. आमच्या ह्यांनी हात जोडून "डाळच आवडते" असं सांगितलं आणि ते खरंही होतं. बाहेर चाचा वाकलेला ब्रेकचा पाय दगडानं ठोकून सरळ करत होते.

अंगणात बांधलेली गाठोडी पाहून मी मुलाला विचारलं, "कितवीत आहेस?"

"पाचवीत."

"आणि हे सामान?"

"उद्या गाडी येणार. गुजरात. होळीला परत."

नंदुरबारच्या या डोंगरात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. म्हणजे चार महिने तरी. मी मास्तरीणच, लगेच विचारलं की शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं का. स्थलांतर करणाऱ्या मुलाला जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून आपल्या राज्यात हे कार्ड देतात. काही ठिकाणी मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहंही चालतात. मुलाला कार्ड माहीत नव्हतं. मी ते समजावून सांगू लागले आणि अर्ध्यातच थांबले. हा जाणार गुजरातेत. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि उसाच्या फडाजवळ शाळा असलीच तर ती गुजराती. तिथं माझ्या कार्डाचा कागद वाचणार कोण?

तेवढ्यात भावजय कण्हली आणि मी तिच्याशी आमच्या कोकणीत बोलले. मुलगा कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "तुमची पण घरात वेगळी भाषा आहे?"

आहे ना. मी कोकणी बोलत मोठी झाले, उर्दू शाळेत शिकले आणि आता मराठी शिकवते. पहिलीत आल्यावर पहिले कित्येक दिवस मला बाईंचं बोलणं अर्धंच कळायचं. पण मी रोज त्याच वर्गात, त्याच बाकावर बसत होते. तीन भाषा जड नसतात. रोजचा बाक लागतो. बी.एड.ला मातृभाषेवर लांबलचक उत्तरं लिहून आलेल्या मला हे त्या ओसरीवर बसल्यावर सुचलं, त्याची थोडी लाजही वाटली.

त्यानं वही आणली. चाचांच्या टाकीवर उर्दूत 'माशाअल्लाह' लिहिलंय, ते त्याला वाचून हवं होतं. मी वाचून दाखवलं. मग त्यानं स्वतःचं नाव त्या लिपीत लिहून घेतलं. ही लिपी उजवीकडून सुरू होते हे पाहून तो मोठ्यानं हसला आणि आईलाही दाखवून आला. मी वहीच्या मागच्या पानावर मराठीत चार ओळी लिहिल्या, हा मुलगा पाचवीत शिकतो, वाचन चांगलं आहे, याला वर्गात बसू द्यावं, आणि खाली सही केली. त्या चिठ्ठीला सरकारी किंमत शून्य. आमच्या ह्यांनी त्याखाली हिंदीतही तेच लिहिलं, गुजराती गुरुजींना वाचता यावं म्हणून.

मोलगीच्या दवाखान्यात घोट्याला पट्टी बांधली. हाड शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला पोहोचलो. पुरुष जुम्याला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये गेले. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी या आडबाजूच्या गावात उभी केलेली ही संस्था आता मदरशापुरती नाही, फार्मसी, बी.एड. असं शिक्षणही तिथं मिळतं. दूरदूरच्या प्रांतांतली मुलं घर सोडून इथं शिकायला येतात. आणि वरच्या डोंगरातली मुलं याच दिवसांत शाळा सोडून याच गावावरून पुढे जातात.

भावजयीचा पाय खुर्चीवर ठेवून आम्ही दोघी एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. समोर अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता. गुजरातकडे जाणारे ट्रक दर थोड्या वेळानं येत होते आणि मी प्रत्येकात डोकावत होते. जुमा आटोपून चाचा आले, त्यांनी न विचारताच ओळखलं आणि तेही माझ्याशेजारी उभे राहून पाहू लागले. एका ट्रकमधल्या पोरांनी चाचांच्या हातातलं लाल हेल्मेट पाहून हात हलवले. आम्हीही हलवले. त्यात तो नव्हता. मग चाचांची असर झाली आणि आम्ही धुळ्याच्या वाटेला लागलो.