आइस्क्रीमच्या कपाला फॅट किती?

सकाळी डेअरीवर दूध घातले की हातात चिठ्ठी पडते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरलेला. त्याखाली आकडा उतरला की पैसे कापले. पॉइंटभर फॅट कमी लागली तर घरात चर्चा सुरू होते. पेंड बदलली म्हणून, ओला चारा जास्त झाला म्हणून, का गाय नुकतीच व्याली म्हणून? आणि त्याच आठवड्यात बाजाराला गेलो की पोरांच्या हट्टापायी दुकानातल्या थंड पेटीतून रंगीत कप उचलतो, मुकाट्याने पैसे टाकतो. त्या कपात फॅट किती आणि ती कशाची, हे तुम्ही कधी विचारलेत का? मी तरी गेल्या वैशाखापर्यंत विचारले नव्हते.

झाले असे, की यात्रेला नणंदा आल्या होत्या. घरात सात पोरे. रोज दुपारी आइस्क्रीमचा घोशा. शेवटी मामंजी वैतागून म्हणाले, "घरचं दूध डेअरीला घालायचं आन् पोरांनी बाजारातलं खायचं! बघू तरी काय असतं त्यात." त्यावरून ठरले, की एक दिवस सगळी आइस्क्रीमे आणायची, वाट्यांत घालायची, वाटीच्या बुडाला खडूने नंबर घालायचा आणि कोणते काय आहे ते न सांगता प्रत्येकाने खाऊन बघायचे.

दिरांनी तालुक्याहून थर्मोकोलच्या पेटीत माल आणला. व्हॅनिला दोन प्रकारची, बटरस्कॉच, आंबा, सीताफळ, काडीवरची मलई कुल्फी. यात्रा अजून उठली नव्हती, म्हणून तिथल्या गाड्यावरचे पॉट आइस्क्रीमही डबा भरून आणले. जाऊबाईंनी वाट्या भरल्या, आणि आमचे परीक्षक मंडळ पडवीत बसले.

पहिल्या वाटीत व्हॅनिला. पोरे खूश. मामंजींनी दोन चमचे खाल्ले, जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाले, "साखर हाय, वास हाय, दूध कुठंय?" सासूबाई म्हणाल्या, टाळूला काहीतरी मेणासारखे चिकटून राहिले. दुसऱ्या वाटीतही व्हॅनिलाच. पण ते जिभेवर ठेवल्याठेवल्या पातळ झाले आणि मागे सायीची चव राहिली. दोन्ही रंगाने सारखीच, वासही जवळजवळ एकच. मग कप उलटेपालटे करून बघितले. दुसऱ्यावर ‘आइस्क्रीम’ असे छापलेले होते. पहिल्यावर तो शब्दच नव्हता. होते ‘फ्रोझन डेझर्ट’, तेही बारीक अक्षरांत, आणि घटकांच्या यादीत वनस्पती तेल.

इथे जरा थांबून नियम सांगते, कारण तो आपल्या कामाचा आहे. आपल्या देशात ज्याला नुसते ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायचे, त्यात किमान १० टक्के स्निग्धता हवी आणि ती दुधाचीच हवी. अडीच टक्क्यांपेक्षा जास्त पण दहापेक्षा कमी असेल तर ते ‘मीडियम फॅट’, अडीच किंवा त्याहून कमी असेल तर ‘लो फॅट’. तसे लिहावे लागते. पण स्निग्धतेसाठी दुधाच्या लोण्याऐवजी पामतेलासारखे वनस्पती तेल वापरले, तर त्याचे नाव फ्रोझन डेझर्ट. त्यात दूध अजिबात नसते असे नाही. साय काढलेल्या दुधाची पावडर बहुधा असते. नसते ते लोणी.

हा माल बेकायदा नाही आणि विषारीही नाही, हे स्पष्ट सांगते. या दोन प्रकारांच्या जाहिरातीवरून २०१७ साली दोन बड्या कंपन्यांचे भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते आणि न्यायालयाने फ्रोझन डेझर्टला नावे ठेवणारी जाहिरात रोखली होती. तेव्हा कोणी खावे, कोणी न खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझे म्हणणे एवढेच, की आइस्क्रीमचे पैसे देताना आपण काय घेतो ते ठाऊक असावे. आणि दूधवाल्या घराला तर असावेच असावे.

का, तो हिशेब आमच्या पडवीतच मामंजींनी केला. एक लिटर आइस्क्रीम म्हणजे एक किलो नव्हे. ते घुसळताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून नियमाप्रमाणे लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरले की पुरे. त्याचे १० टक्के म्हणजे साडेबावन्न ग्रॅम दुधाची स्निग्धता. ३.५ फॅटच्या गाईच्या दुधात एवढी स्निग्धता निघायला जवळजवळ दीड लिटर दूध लागते. ६ फॅटच्या म्हशीचे असेल तर साडेआठशे मिलीच्या आसपास. म्हणजे लिटरचा एक डबा आइस्क्रीम खपला, की कुणाच्या तरी गोठ्यातल्या दीड लिटर दुधाचे लोणी खपले. फ्रोझन डेझर्टचा डबा खपला, तर ते लोणी कुणाच्याच गोठ्यातून जात नाही. मामंजी बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आन् फॅट कमी म्हणून कापतात आमचं!"

आता पोरांचा निकालही प्रामाणिकपणे सांगायला हवा. सातांपैकी पाच पोरांनी पहिला नंबर बटरस्कॉचला दिला, आणि तेही नेमके तेलाचेच निघाले! साखर करपवून केलेले कुरकुरीत खडे दाताखाली आले, की पोरांना बाकी कशाशी देणेघेणे नसते. मलाही ते खडे आवडले, खोटे कशाला बोलू? पण खडे काढून नुसते चाखले, तेव्हा पहिल्या वाटीचीच बहीण.

आंब्याच्या वाटीने माझी निराशा केली. ते खरे आइस्क्रीम होते, दुधाची चव चांगली होती, पण आंबा लाजत लाजत आलेला. सीताफळाचे मात्र उलट. गर दाताला लागत होता, रवाळ गोडी होती आणि रंग कसलाच घातलेला नव्हता. सीताफळ असे बारा महिने मिळते ते हंगामात काढून गोठवून ठेवलेल्या गरामुळे. पुरंदर तालुक्यात सासवडकडे तर या गराचा धंदाच उभा राहिला आहे. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तो आटवून टिकवता येत नाही, गोठवावाच लागतो. तुमच्या बांधावर सीताफळे असतील तर ही गोष्ट ध्यानात ठेवा. घरी आइस्क्रीम करतानाही गर उकळत्या दुधात कधी घालू नका. दूध पूर्ण गार झाल्यावरच घाला.

काडीवरची कुल्फी मोठ्यांच्या मते पहिली आली. कुल्फी आटीव दुधाची, आणि ती घुसळत नाहीत, साच्यात घालून तशीच गोठवतात. त्यामुळे तिच्यात हवा जवळजवळ नाहीच. तीच पाच बोटांएवढी कांडी हाताला जड लागते आणि वितळायला वेळ घेते. एक गैरसमज मात्र काढून टाका. लवकर वितळत नाही म्हणजे भेसळ, असे पुष्कळ जण म्हणतात. तसे काही नाही. आइस्क्रीम धरून राहावे म्हणून त्यात गवारीच्या बियांच्या डिंकासारखे पदार्थ नियमानेच घालता येतात. वितळण्यावरून तेल ओळखू येत नाही. ते फक्त डब्यावर वाचून कळते.

आणखी एक गोष्ट डब्यावर वाचून कळत नाही, ती हाताने बघावी लागते. आमच्या दोन कपांत चमचा घातला तर बर्फाचे खडे करकरले, आणि कपातला माल कडेने खाली बसलेला. असे झाले की समजावे, वीज जाऊन माल वितळला होता आणि वीज आल्यावर पुन्हा गोठला. कारखान्यातून निघाल्यापासून तो उणे १८ अंशांवर राहायला हवा. आपल्याकडचे भारनियमन त्याला काय माहीत! असा कप दुकानातच परत करावा. दुकानदार कुरकुरतो, पण घेतो.

राहिले यात्रेतले पॉट आइस्क्रीम. पिवळेधमक, आंब्याच्या अर्काचे, कॉर्नफ्लोअरने दाट केलेले. चवीला बरे होते, पण मी ते पोरांना पोटभर देऊ दिले नाही. कारण माल नव्हे, बर्फ. पॉटभोवतीचा बर्फ आत जात नाही हे खरे, पण गाडीवाला त्याच हाताने झाकण काढतो आणि त्याच हाताने कप भरतो. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्याला निळसर रंग देण्याची सक्ती आपल्या राज्यात २०१८ सालापासून आहे. सरबतात किंवा गोळ्यात निळसर बर्फ दिसला तर सरळ पुढे चला.

पण ते पॉट फिरताना पाहून सासूबाईंना आठवण झाली. माळ्यावर त्यांच्या लग्नाच्या वेळचे एक पॉट पडले होते. लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, वर दांडा. अशा हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतले होते, हे मी वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. बाईच्याच डोक्यातून निघणार ते! डबा चिंचेने घासून कल्हई करून आणला, बादली रात्रभर पाण्याने भरून ठेवली, तेव्हा फळ्या फुगून गळती थांबली. पुढच्या रविवारी प्रयोग केला.

दोन लिटर म्हशीचे दूध आटवून सव्वा लिटरवर आणले. उतरवायच्या आधी पाव किलो साखर घातली. दूध गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. ते जितके गार, तितके हात कमी दुखतात. सकाळी त्यात गावरान रायवळ आंब्यांचा दोन वाट्या रस, धागे गाळून. आंबट आंबा घेऊ नका, दूध फाटते. डबा तीन चतुर्थांशच भरायचा, कारण घुसळल्यावर माल फुगतो. भोवती बर्फाचे बारीक तुकडे चार वाटे आणि जाडे मीठ एक वाटा, थरावर थर.

मीठ का, हे पोरांनी विचारलेच. नुसता बर्फ शून्य अंशाच्या आसपास वितळतो, आणि साखर घातलेले दूध शून्यावर गोठत नाही. मीठ घातले की बर्फ शून्याच्या बराच खाली असतानाही वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता भोवतालातून, म्हणजे डब्यातल्या दुधातून, ओढून घेतो. मिठाचे प्रमाण नेमके जमले तर तो खारा बर्फ उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. बादलीत बोट घालून बघण्याचा शहाणपणा मात्र करू देऊ नका. आमच्या एकाने केला आणि बोट धरून अंगणभर नाचला.

पस्तीस मिनिटे पाळीपाळीने दांडा फिरवला. सुरुवातीला सगळ्यांना घाई, शेवटची दहा मिनिटे फक्त दीर. दांडा जड झाला की समजायचे. झाकण काढताना वरचे खारे पाणी आधी ओतून टाका आणि कडा फडक्याने पुसा, नाहीतर सगळ्या कष्टांवर मीठ पडते.

लिटरच्या मापाने ते भरून काट्यावर ठेवले, तर पाऊण किलोच्या वर भरले. हाताने फिरवल्यावर कारखान्याइतकी हवा आत जात नाही, हे त्याचे कारण. चवीचे काय सांगू? रायवळ आंब्याचा तो किंचित राळेचा वास दुधाच्या सायीत उतरला होता. कारखान्यातल्या आइस्क्रीमइतके ते मऊ झाले नाही, थोडी बर्फाची कणी राहिलीच. ते गुळगुळीतपण पाहिजे तर कारखानाच बरा, हे मान्य करायला हवे. पण बटरस्कॉचवाल्या पाच पोरांतली तीन फुटली.

फळाचे आइस्क्रीम लोक आवडीने खातात, हे ओळखणारा माणूस मुंबईत होऊन गेला. रघुनंदन कामत, कर्नाटकातल्या एका फळविक्रेत्याचा मुलगा. त्यांनी १९८४ साली जुहूला नॅचरल्स नावाचे लहानसे दुकान काढले आणि सीताफळ, शहाळे, चिकू असल्या आपल्या फळांवर नाव कमावले. ते २०२४ साली वारले. मुंबईला गेलात तर तिथले शहाळ्याचे जरूर खा, आणि पुण्याला गेलात तर आंब्याची मस्तानी. घट्ट दुधाचा तो पेला आणि वर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा, दोघांत एकच घेतली तरी पुरते.

सध्या पॉट माळ्यावर परत गेलेले नाही. पडवीतच आहे. बांधावरच्या सीताफळांचे डोळे उघडायला लागले, की पहिली दोन पाट्या बाजाराला पाठवायची नाहीत, असे मामंजींनी आताच बजावून ठेवले आहे. त्या दिवशी डेअरीला एक वेळचे दूध कमी जाईल.