विमान उतरविण्याचे गणित

त्रैराशिक शिकविताना धान्याचे भाव, मजुरांचे दिवस आणि हौदाचे नळ यांचीच उदाहरणे बहुधा घेतली जातात. त्यांच्या जोडीस विमान उतरविण्याचे उदाहरण घेतल्यास मुलांस ते नवे वाटेल. शिवाय उत्तराचा ताळा का पाहावयाचा, हेही त्यातून त्यांच्या मनावर ठसेल.

विमान विमानतळाच्या माथ्यावर येऊन मग खाली उतरते, अशी मुलांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. मोठे जेट विमान पुष्कळदा 35,000 फुटांच्या आसपास उंचीवरून जात असते. एवढी उंची प्रवाशांस त्रास न होता उतरावयाची, तर उतरणीचा आरंभ मुक्कामाच्या बराच अगोदर करावा लागतो. त्यासाठी वैमानिकांचा ठोकताळा असा : दर 1,000 फूट उतरण्यास 3 सागरी मैल अंतर धरावे, आणि वेग कमी करण्यासाठी सुमारे 10 सागरी मैल अधिक धरावेत. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

माजलगावाहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर आहे. मुंबईचा विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीस असल्याने 35,000 फुटांसाठी 35 × 3 = 105, अधिक 10, असे 115 सागरी मैल, म्हणजे सुमारे 213 किलोमीटर लागतात. तेव्हा माजलगावावरून मुंबईस जाणारे विमान येथून पूर्ण उंचीनेच जाईल आणि सुमारे 137 किलोमीटर पुढे गेल्यावर, अहिल्यानगरच्या अलीकडे, उतरू लागेल. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंच आहे. तेथे उतरावयाचे असल्यास ही उंची आधी वजा करावी लागते.

वारा पाठीमागून असेल, तर विमान जमिनीवरील अंतर लवकर कापते. म्हणून उतरण अगोदर सुरू करावी लागते. वारा समोरून असल्यास ती थोडी उशिरा चालते. उतरणीस फार उशीर झाला, तर विमान मुक्कामाजवळ येऊनही उंचच राहते आणि त्यास घिरट्या घालाव्या लागतात. फार लवकर उतरले, तर खालच्या दाट हवेत इंधन अधिक जळते. आणि वाटेत डोंगर असतील, तर प्राणांशीच गाठ पडते.

म्हणून वैमानिक वाटेत वारंवार ताळा पाहतो. वरील हिशेबाने 20,000 फुटांवर सुमारे 70 आणि 10,000 फुटांवर सुमारे 40 सागरी मैल उरावयास हवेत. परंतु उरलेले अंतरच चुकीचे धरले असेल, तर गुणाकार कितीही बिनचूक असला तरी उपयोग होत नाही.

याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. 7 जुलै 1962 च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-8 विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील 94 जण मृत्युमुखी पडले. विमान प्रत्यक्षात होते त्याहून मुंबईच्या अधिक जवळ आले आहे, अशी समजूत झाल्याने ते वेळेपूर्वी खाली आणले गेले, असे कारण निष्पन्न झाले. 24 जानेवारी 1966 रोजी जिनिव्हास उतरू पाहणारे एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लां पर्वतावर आदळले. पर्वत ओलांडला, असा वैमानिकाचा समज झाला होता. नियंत्रकाने रडारवरून दिलेल्या सूचनेचा अर्थ नीट लागला नाही. त्यात डॉ. होमी भाभा यांच्यासह 117 जण दगावले.

आज अंतर सांगणारी रेडिओ यंत्रे, उपग्रह आणि डोंगर जवळ येताच इशारा देणारी यंत्रे विमानात असतात. तरीही डोंगराळ भागात ठरलेल्या किमान उंचीखाली, आपले स्थान निश्चित झाल्यावाचून जावयाचे नाही, हा नियम कायम आहे.

शिक्षकांनी हा पाठ शाळेच्या अंगणात द्यावा. तीन सागरी मैलांस 1,000 फूट हे प्रमाण सुमारे 18 स 1 असे येते. म्हणून 1 मीटर उंच काठी रोवून तिच्या टोकापासून 18 मीटर दूरच्या खुंटीपर्यंत दोरी ताणावी. विमानाची उतरण किती मंद असते, ते मुलांस डोळ्यांनी दिसेल. नंतर काठी आहे तेथेच ठेवून खुंटी 3 मीटर अलीकडे रोवावी व दोरी पुन्हा ताणावी. दोरी आता मुक्कामाच्या अलीकडेच भुईस टेकते, हे त्यांना दाखवावे. अखेरीस 28,000 फुटांवरील विमानाने उतरण कोठे सुरू करावी, हे मुलांकडून काढून घ्यावे. मात्र उत्तर तपासताना केवळ आकडेमोड न पाहता, उदाहरणात दिलेल्या राशी विद्यार्थ्याने नीट वाचून घेतल्या होत्या की नाही, हे प्रथम पाहावे.